इस्त्रीखालच्या रेघा

पिशवीची गाठ सोडून मी गोधडी बाहेर काढली, टेबलावर उलगडली, आणि तिच्यावर रेघा होत्या. परवा ठेवली तेव्हा एकही नव्हती. निळसर, बारीक रेघा. काही टाक्यांच्या शेजारून गेलेल्या, काही टाक्यांना कापून, काही टाक्यांपासून चांगल्या बोटभर लांब भरकटून मध्येच सोडून दिलेल्या. शीतगृहाचा हल्लीचा ऑपरेटर माझ्या खांद्यावरून बघत होता. माझ्याच हाताखाली शिकला तो, अजून मला मिस्त्री म्हणतो. "मिस्त्री, आईशप्पथ, आत कुणी गेलं नाही," तो म्हणाला. "चावी माझ्या खिशात होती. आणि त्या गारठ्यात उभं राहून गोधडीवर चित्रं काढायला कुणाला एवढी ऊब आलीय?" मी म्हटलं, कुणी गेलं नाही, हे तिचंच आहे. "कुणाचं?" "तुझ्या काकूचं." त्याने एकदा गोधडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ज्या कॉम्प्रेसरला काही झालेलं नव्हतं तो तपासायला निघून गेला. बरं केलं त्याने. मी रेघेवर बोट ठेवलं. कापड अजून कडक होतं, बर्फाळ, आणि बोटाच्या उबेनेसुद्धा रेघ हलली नाही.

गोधडी तिथे नेली ती मीच, आणि नेताना मी स्वतःवर फार खूश होतो. ती गेल्यावर कपाट उघडायला मी बरेच महिने लावले आणि उघडलं तेव्हा वरच्या स्वेटरला कसर लागलेली. खाली ही तिची शेवटची गोधडी, जुन्या चादरीत गुंडाळलेली. मधलं अंग फिक्या सुती कापडाचं, पण कडेला तिने माझ्या ड्युटीच्या लोकरी कोटाचे चौकोन लावले होते, आणि कसरीला लोकर म्हणजे पक्वान्न. अजून भोकं पडली नव्हती, पण अंडी असली तर डोळ्यांना दिसतात थोडीच. डांबरगोळ्यांचा वास तिला कधी सोसला नाही. मग मला आठवलं, की मी जन्मभर काय केलं? गारठा तयार केला. मटार, मासळी, काय काय त्या खोल्यांतून दगडासारखं गोठवून ठेवलं. त्या थंडीत कसर कसली जगते! प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस आत ठेवली की अंड्यांसकट साफ. घरात माझ्या कामाचा कुणाला कधी उपयोग झाला नव्हता. ती मला थंडोबा म्हणायची, पाहुण्यांसमोरसुद्धा. "आमचे थंडोबा आले, आता खिडक्या लावून घ्या." पिशवी खांद्यावर टाकून शीतगृहाकडे जाताना मी मनात तिला म्हणत होतो, बघ, शेवटी आलो की नाही कामाला.

ती शिवणमंडळात होती. मंडळाचं दरवर्षी प्रदर्शन असतं, वाचनालयाच्या मोठ्या सभागृहात. दारातून आत शिरलं की समोर एक रुंद भिंत आहे. तिच्यावर एकच गोधडी लागते. बाकीच्या बाजूच्या भिंतींवर, काही जिन्यात, आणि उरलेल्या पाण्याच्या नळाकडे जायच्या बोळात. तिची बहुतेक वेळा जिन्यात असायची. एकदा बोळात होती. तेव्हा घरी येऊन म्हणाली, "लोक येतात, बघतात, तोंड पुसतात आणि जातात." हसली, पण त्या दिवशी जेवली नाही नीट. समोरच्या भिंतीचे मंडळाचे नियम कडक. टाका सारखा हवा, कोपरा बसलेला हवा, आणि आखणीची रेघ दिसता कामा नये. रेघ दिसली की गोधडी जिन्यात. या वर्षी मंडळाच्या बाई स्वतः घरी आल्या, गोधडी पलंगावर पसरून चष्मा कपाळावर चढवून नाक टेकेपर्यंत वाकल्या, आणि उठून म्हणाल्या, समोरची भिंत. फक्त मागच्या बाजूला लेबल लावा, लेबलाशिवाय आम्ही टांगत नाही. त्या गेल्यावर मी बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून होतो. आनंद झाला की मला तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. पूर्वी तिच्याकडे देऊन टाकायचो.

आणि आता प्रदर्शन तोंडावर आलेलं, आणि मी रस्त्याने चाललो होतो ती रेघांनी भरलेली गोधडी काखेत धरून. कुणी बघू नये म्हणून आतली बाजू बाहेर करून घडी घातली होती. रस्त्यात माणसं नेहमीसारखी होती. एक जण शिडीवर चढून पाटी रंगवत होता, आधी खडूने अक्षरं आखून घेतलेली, आणि मी तिथे उगाच थांबलो. ती आयुष्यभर अशीच खडूने आखायची. शिंप्याचा चपटा खडू, कडेला धार लावून. गडद कापडावर पांढरा, फिक्यावर निळा. त्याआधी, नवीन संसारात, साबणाची चिपटी. न्हाणीघरातला साबण झिजून पातळ पात झाला की तो माझ्या हातात यायच्या आत तिने उचललेला असायचा. मी ओरडायचो, अगं निदान अंग तरी धुऊन होऊ दे. ती म्हणायची, तुमच्या अंगाला काय, दिसतंय कुणाला. साबणाची रेघ सगळ्यांत चांगली असं तिचं मत. धुतली की जाते आणि कापड वर स्वच्छ. पण ती लवकर पुसट होते, हात लागून, श्वास लागून. वाट्या, ताटल्या, डब्यांची झाकणं, सगळ्यांच्या कडा तिने गोल आखायला वापरलेल्या. आमच्या घरातल्या झाकणांवर निळा खडू नाही असं एक झाकण मिळायचं नाही.

शेवटच्या वर्षी खडूच्या भुकटीने तिला खोकला येऊ लागला. शिवाय बोटं दुखायची, चिपटी दाबून धरवत नव्हती. तेव्हा लेकीने तो पेन आणला. लेक याच शहरात असते, दर आठवड्याला यायची, येताना काहीतरी नवीन घेऊनच. "आई, आखायचं, शिवायचं, इस्त्री फिरवायची, रेघ गेली." तिने पेन उन्हात धरून पाहिला. "जाते म्हणजे कुठे जाते?" "अगं, जाते म्हणजे जाते!" "पाण्याने जाते ते कळतं. पाण्याबरोबर मोरीत जाते. इस्त्रीने कुठे जाणार?" आम्ही दोघं हसलो तिला. ती शाई कुठेच जात नाही, तिथेच बसून राहते, इस्त्रीची धग लागली की रंग सोडते आणि पुरती गोठली की परत धरते, हे त्या घरात कुणाला माहीत असायला हवं होतं तर ते मला. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला माहीत नव्हतं.

लेबलासाठी पेन घ्यायचा होता म्हणून मी ठरल्याप्रमाणे शिवणसामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या बाई तिला ओळखत होत्या. त्यांनी काचेवर पेनांची रांग मांडली. "हा पाण्याने जातो, हा आपोआप जातो हवेने, हा इस्त्रीने—" "न जाणारा द्या," मी म्हटलं. "तेच सांगतेय काका, उरले ते न जाणारे. हा जाड, पण कापडावर फुटतो, अक्षराला मिशा येतात. हा बारीक. लिहून झाल्यावर इस्त्री द्यायची, मग पक्का होतो." "इस्त्रीने पक्का?" "हो. तो इस्त्रीने जातो, हा इस्त्रीने बसतो. सारखे दिसतात म्हणून टोपणं अदलाबदल करू नका. एका बाईंनी केलं. बाळाचं नाव लिहिलं लेबलावर आणि इस्त्री फिरवली. बाळ बेपत्ता." त्या हसल्या, मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. मी म्हटलं, हसा हो, तिने ऐकलं असतं तर मंडळभर सांगितलं असतं. मी तीन निरनिराळे न जाणारे पेन घेतले. "तीन कशाला? एका लेबलाला?" "बघतो कुठला टिकतो ते." कुठलाही व्हॉल्व्ह मी कधी कागदावरची माहिती वाचून बसवला नाही.

घरी येऊन गोधडी पलंगावर पसरली आणि दिवा न लावता, खिडकीच्या उजेडात, उशापासून वाचायला लागलो. वाचायला हाच शब्द बरोबर आहे. सुरुवात तिने उशाच्या डाव्या कोपऱ्यातून केली होती. लाटांची नक्षी, एकीत एक गुंतलेल्या कमानी. तिथे प्रत्येक टाक्याखाली एकच रेघ होती आणि टाका तिच्यावर बरोबर बसलेला, त्यामुळे रेघ दिसतही नव्हती धड. मग थोडं खाली दोन रेघा. पहिली जरा बाहेर गेलेली, दुसरी सुधारलेली. मग तीन. अर्ध्यावर आलो तेव्हा रेघांचा गुंता होता. ताटलीची कड हातातून सटकलेली, पुन्हा ठेवलेली. रेघ थरथरत गेलेली. एके ठिकाणी रेघ चालता चालता कापड संपून कडेच्या लोकरीवर गेली होती, आणि मग मला कळलं की तिला कड दिसलीच नव्हती. मी उठून पाणी प्यायलो. तो शेवटचा हिवाळा मला आठवला. ती खिडकीजवळ बसायची, शेजारी लहान इस्त्री तापत ठेवलेली. मधूनमधून इस्त्री टेकवायची, कापडाचा तो गरम वास खोलीत यायचा. मला वाटायचं शिवण बसवतेय. मी म्हणायचो, किती इस्त्री करतेस, वीजबिल बघ. ती म्हणायची, नीट बसायला नको का. आणि ती चुकलेली रेघ घालवत होती. आखायची, डोळ्यांजवळ धरून बघायची, चुकली की इस्त्री, परत आखायची. मी त्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो आणि ती मला बातम्या मोठ्याने वाचायला लावायची, "तुमचा आवाज छान आहे हो," म्हणून. मी फुशारून वाचायचो.

पण टाका. टाका कुठेही हलला नव्हता. पायथ्याशी तर पाच-पाच रेघा एकमेकींवर चढलेल्या, जसं कुणी अंधारात दार चाचपतंय, आणि त्या सगळ्यांमधून टाका असा गेला होता, जसा तो उशाशी गेला होता. तेवढाच, तसाच, त्याच अंतराने. मी फूटपट्टी आणून लावली. मग फूटपट्टी बाजूला ठेवली, कारण मला लाज वाटली. मी आयुष्यभर चांगले कारागीर पाहिलेत. एक वेल्डर होता, त्याचा सांधा हात फिरवून सापडायचा नाही. पण त्याला दिसत होतं. माझी छाती भरून आली, आणि ते रडू नव्हतं. खिडकी उघडून समोरच्या गॅलरीतल्या अनोळखी माणसाला हाक मारून सांगावं, की अहो इकडे या, हे बघा, असं वाटत होतं.

तेवढ्यात अक्का आली. अक्का माझी मोठी बहीण. तिचं आणि हिचं जन्मभर पटलं नाही. एकीने डाळ शिजवली की दुसरीने झाकण उघडून बघायचंच. तिने पलंगाकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "अरे देवा. इस्त्री कुठाय?" मागोमाग लेक कामावरून परस्पर आलेली. मी दोघींना शीतगृहाचं सांगितलं. लेक ऐकता ऐकता पलंगाशी गुडघ्यांवर बसली. तिने बोटाने एक रेघ धरली आणि ती कडेच्या लोकरीपर्यंत नेली. "बाबा," ती म्हणाली, "आईला दिसत नव्हतं."

"थोडं कमी दिसत असेल," मी म्हटलं.

"थोडं नाही. हे बघा. आणि मी तिला सुया ओवून ठेवत होते, ती म्हणायची तेवढीच मदत कर, तुझा हात लागला म्हणजे मला बरं वाटतं." अक्काने तोवर इस्त्री शोधून काढली होती आणि तार लावत होती. "आत्या, हात लावू नका तिला."

"का गं? परवा लोक येणार बघायला."

"तशीच लावायची. लोकांना कळू दे आईने काय केलंय. नुसता टाका बघून काय कळणार त्यांना?"

"तशी लावली तर समोर लावणार नाहीत. जिन्यात लावतील."

"लावू देत जिन्यात!"

"तुझी आई जिन्यात नव्वद वेळा लागली, तुला काय त्याचं," अक्का म्हणाली. "मला माहीत आहे. माझ्यापाशी बोलायची ती. भांडायला कुणीतरी लागतं, नवऱ्याशी काय भांडणार, हा पडला थंड. माझ्यापाशी यायची आणि म्हणायची, अक्का, एकदा समोर लागले की सुटले." ती इस्त्री हातात धरून उभी होती, तापत नसलेली. "केस न विंचरता ती कधी दारात आली का? दूधवाल्यासमोर? मी आजारी होते तेव्हा माझेसुद्धा विंचरून बसवायची, म्हणायची डॉक्टर येतील. आणि आता तू तिला अशी नेणार चारचौघांत? बघा हो बघा, बिचारीला दिसत नव्हतं?"

"बिचारी नाही! मी बिचारी म्हटलंय का?"

"तू नाही म्हणणार. लोक म्हणतील. चच्‌ करतील आणि पुढे जातील. टाका कुणी बघणारच नाही."

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हटलं, चहा करा. चहा झाला, तो त्यांनी घेतला, गोधडीपासून कप लांब धरून, आणि मी आत जाऊन लेबलाचं कापड कापत बसलो. खरं सांगायचं तर मला दोन्ही नको होतं. मला ती परत पिशवीत घालून शीतगृहात न्यायची होती. माझ्या मनात हिशेब सुरूही झाला होता, की मागची छोटी खोली, वरचा कप्पा, ऑपरेटर नाही म्हणणार नाही. तिथे रेघा तशाच राहतील. वाटेल तेव्हा जावं, कोट चढवावा, आत शिरावं, वाचावं. तिचा हात. चुकलेला, सुधारलेला, पुन्हा चुकलेला. फोटोत माणूस हसत असतो, तो फोटोसाठी. या रेघा तिने कुणासाठीच काढल्या नव्हत्या. आणि हे मनात आल्यावर मी कात्री खाली ठेवली. कुणासाठीच नव्हत्या, मग माझ्यासाठी तरी कुठे होत्या? मी त्याच खोलीत होतो आणि तिने मला बातम्या वाचायला लावून माझे डोळे कागदात अडकवून ठेवले. मला दिसू नये म्हणून. यातली एक एक रेघ तिने स्वतःच्या हाताने घालवली होती. प्रत्येकीवर इस्त्री टेकवून, की हिला नाही ठेवायची. कुठला टाका ठेवायचा आणि कुठली रेघ नाही हे तिचं सगळं ठरवून झालेलं. माझ्यासाठी उरलं होतं ते फक्त लेबल. बाकी मी गारठ्यात नेऊन तिचं काम उलटं फिरवलं होतं, ते सुलटं करायचं.

मी बाहेर आलो आणि अक्काच्या हातातून इस्त्री घेतली. लेकीला म्हटलं, "तू एकदा पूर्ण बघून घे. घाई नाही." तिने बघितलं. उशापासून पायथ्यापर्यंत, गुडघ्यांवर सरकत. मग उठली आणि तिनेच तार लावली. मी उशाकडून सुरुवात केली, जिथून तिने केली होती. इस्त्री सरकायची आणि रेघ निघून जायची, चटका लागल्यासारखी नाही, काचेवरचा श्वास पुसला जातो तशी. पायथ्याशी आल्यावर लेक म्हणाली, "मी करते." तिने केलं. त्या गुंत्यातून टाका एकटा वर आला, आणि अक्का, जिने हयातीत हिच्या कुठल्याही कामाला बरं म्हटलं नव्हतं, ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "भवानी कुठली."

लेबलाचे तीन तुकडे मी तोवर तिन्ही पेनांनी लिहून, इस्त्री करून, साबणाने चोळून, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात घालून ठेवले. दुसऱ्या दिवशी काढले. एकाला मिशा फुटल्या होत्या, एक पुसट झाला होता, तिसरा जसाच्या तसा. लेक म्हणाली, वर 'स्मरणार्थ' लिहा. मी म्हटलं, स्मरणार्थ पंख्यावर लिहितात, बाकावर लिहितात. ही कुणी देणगी दिलेली नाही, ही तिने शिवलीय. माझं अक्षर ठाशीव आहे. शीतगृहातल्या प्रत्येक पाइपावर आणि व्हॉल्व्हवर मीच रंगवायचो, अंधारातसुद्धा वाचता यावं असं. तसं तिचं नाव लिहिलं. पुढे माझं जोडलं नाही. खाली वर्ष, आणि 'हाताने शिवली'. बस. त्याच इस्त्रीने शाई पक्की केली आणि अक्काने लेबल टाचलं, कारण माझ्या टाक्याला ती काय म्हणाली असती ते अक्कालाही माहीत होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी चांगला शर्ट घालून सभागृहात गेलो. दारातून आत शिरलो तर समोर ती होती. अख्खी भिंत. आढ्याचे दिवे वरून तिरपे पडत होते आणि लाटा उभ्या राहिल्या होत्या, सावलीसकट. मी बाजूला एका खांबाशी उभा राहिलो. लोक येत होते, थांबत होते. बोळाकडे जाणारे पुन्हा वळून बघत होते. कुणी चच्‌ केलं नाही. मग एक बाई पुढे गेल्या, बहुतेक शिकवणाऱ्या असाव्यात, सोबत विद्यार्थिनींचा घोळका. त्यांनी चष्मा काढला, नाक कापडाला लावलं, उशापासून पायथ्यापर्यंत हळूहळू वाकत गेल्या. पायथ्याशी फार वेळ थांबल्या. उठून त्या इकडेतिकडे बघू लागल्या, आणि मंडळाच्या बाईंनी त्यांना माझ्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही त्यांचे मिस्टर का?"

"हो."

"मला एक सांगाल? मी इतकी वर्षं शिकवतेय, मला कुठेच सापडत नाही. आखलं कशाने त्यांनी? खडू, पेन, काय?"

सगळं ओठांवर आलं होतं. साबणाची चिपटी, ताटली, खिडकी, ती इस्त्री. पायथ्याच्या त्या पाच रेघा. त्या मुली वह्या उघडून उभ्या होत्या. मी ताठ झालो, शर्ट नीट केला.

"आखलं?" मी म्हटलं. "छे हो. तिला लागायचं नाही."

बाईंनी पुन्हा वळून भिंतीकडे पाहिलं. मी जरा बाजूला सरकलो, मागच्या लोकांना नीट दिसावं म्हणून.